खाडीच्या दोन काठांवर दोन पेट्या : परग्रहींच्या लेझरचा शोध (मदत हवी आहे)

कातळवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

पाऊस आटोपला की सड्यावरून (उघड्या कातळाच्या पठारावरून) आकाश कसं दिसतं ते इथल्या निम्म्या लोकांना सांगायला नको. विजयदुर्गच्या खाडीच्या अलीकडे-पलीकडे, राजापूर आणि देवगड तालुक्यांच्या हद्दीवर, अजून बऱ्यापैकी काळोख शिल्लक आहे. दरवर्षी आकाशगंगेचे तेच फोटो काढण्यापेक्षा त्या काळोखात काहीतरी मोजावं असं आमच्या कॉलेजातल्या काही पोरांच्या डोक्यात आलंय, आणि त्यांच्या नादाने माझ्याही. विषय ठरला तो असा: दूरच्या ताऱ्याभोवती कोणी हुशार मंडळी असतील आणि ती लेझरचे झोत सोडत असतील, तर ते टिपणारं उपकरण बांधायचं.

हसायच्या आधी थोडी पार्श्वभूमी ऐका. परग्रहींचा शोध म्हटलं की रेडिओच्या मोठाल्या तबकड्या डोळ्यांपुढे येतात. १९५९ मध्ये कोकोनी आणि मॉरिसन यांनी 'नेचर'मध्ये १४२० मेगाहर्ट्झवर ऐका म्हणून सुचवलं, पुढच्याच वर्षी फ्रँक ड्रेक यांनी ग्रीन बँकच्या दुर्बिणीने ऐकून पाहिलं, आणि गाडी त्या रुळावर गेली ती गेलीच. पण त्याच १९६० साली मायमन यांनी पहिला लेझर चालवून दाखवला होता. १९६१ मध्ये श्वार्ट्झ आणि टाउन्स यांनी, पुन्हा 'नेचर'मध्येच, लिहिलं की ताऱ्या-ताऱ्यांत निरोप धाडायला प्रकाशही चालेल. हे टाउन्स म्हणजे ज्यांना पुढे १९६४ चं नोबेल मिळालं तेच. तरी प्रकाशाच्या बाजूला अनेक वर्षं फारसं कोणी फिरकलं नाही.

हिशोब मात्र चक्रावून टाकणारा आहे. माणसाने आजवर बनवलेले मोठे लेझर एका नॅनोसेकंदापुरते, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागापुरते, पेटावॉटच्या घरात जातात. असा लेझर १० मीटरच्या आरशातून सोडला, तर ज्याच्यावर रोखलाय त्याला तेवढ्या क्षणापुरता तो सूर्याच्या साधारण दहा हजार पट झगझगीत दिसेल. उलट, १००० प्रकाशवर्षांवरच्या सूर्यासारख्या ताऱ्याकडून एका चौरस मीटरवर एका नॅनोसेकंदात एखादा फोटॉन (प्रकाशाचा कण) येण्याची शक्यता हजारात एकसुद्धा नाही. तेव्हा तेवढ्या वेळात एकदम पाच-दहा फोटॉन आले, तर ते ताऱ्याचे नव्हेत.

आणि यासाठी सुबक चित्र देणारी दुर्बीण लागत नाही. पागोळीखाली पातेलं लावतो तसं फोटॉन गोळा करायचे आणि पटापट मोजायचे, एवढंच. म्हणून आमची योजना अशी: शाळा-कॉलेजांच्या अडगळीत पडलेल्या ओव्हरहेड प्रोजेक्टरची ती मोठी चौकोनी फ्रेनेल लेन्स (बाजूला सुमारे २८ सेंटिमीटर), तिच्या नाभीवर एक सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर (एकेक फोटॉन टिपून विजेचा पल्स देणारा डिटेक्टर), आणि मागे वेगवान कंपॅरेटर (पल्स ठरावीक उंचीच्या वर गेला की इशारा देणारं सर्किट). अशा दोन लेन्स शेजारी शेजारी बसवलेली एक पेटी. एक पेटी राजापूरच्या बाजूला, दुसरी खाडीपलीकडे देवगडच्या बाजूला. मध्ये चारेक किलोमीटर. दोन्ही पेट्या सरळ डोक्यावर रोखलेल्या, हलायचं नाव नाही. आकाशच आपल्या गतीने वरून सरकत राहील.

डोक्यावरच का? तर आमच्या अक्षांशावर रोहिणीचा तारा जवळजवळ बरोब्बर खमध्यातून जातो. विजयदुर्गला तर काटेकोर. रोहिणी वरून सरकली की डिटेक्टरचा प्रवाह वाढलाच पाहिजे. नाही वाढला तर पेटी तिरकी आहे. फुकटात रोजची तपासणी.

अडचणी: इलेक्ट्रॉनिक्समध्ये माझा हात बेताचा, आणि खारी हवा काय काय खाऊन टाकेल याची धास्ती. जाणकारांनी लिहावं.

तारकर्ली_एक्सप्रेस

ह्या सगळा करून गावतला काय, मास्तरांनू? 😄

पोरांका रातीचा सड्यार पाठवतलंस तर आधी फुरश्याचो बंदोबस्त कर. परग्रही मागसून बघूया.

आजीचा_बटवा

वाचतेय. तारकर्लीकर चेष्टेत बोललेत, पण फुरश्याचं खरंच मनावर घ्या. गमबूट, बॅटरी, आणि दगडाखाली हात घालायचा नाही. माझी मुलगी अकरावीला आहे, तिला हा धागा दाखवला तर 'मी पण जाते' म्हणून मागे लागलीये.

जुना_ऑसिलोस्कोप

उत्तम धागा. आयुष्यभर मोजणी सर्किटांत गेलंय, त्यामुळे राहवत नाही.

पहिला मुद्दा. फोटोमल्टिप्लायर नळीऐवजी सिलिकॉनचा डिटेक्टर घेताय ते तुमच्या हवेत शहाणपणाचं आहे. नळीला हजारेक व्होल्ट द्यावे लागतात. मिठाचा पापुद्रा आणि दमट हवा असली की त्या व्होल्टेजला वाट सापडतेच, आणि अशा गळतीच्या ठिणग्या पल्ससारख्याच दिसतात. शिवाय नळी चालू असताना चुकून कोणी झाकण उघडून उजेड आत घेतला की संपली. सिलिकॉनवाला तीसेक व्होल्टवर चालतो आणि उजेडाने मरत नाही. त्याचा दोष म्हणजे अंधारातही तो बडबडतो. दर चौरस मिलिमीटरला सेकंदाला पन्नास हजार ते लाखभर खोटे पल्स, आणि तापमान दहाएक अंशांनी वाढलं की ते साधारण दुप्पट. कोकणातल्या ऑक्टोबर हीटमध्ये तर विचारूच नका.

पण तुमची खरी डोकेदुखी ती नाही. डिटेक्टर ३ मिलिमीटरचा आणि नाभीय अंतर ३० सेंटिमीटर धरलं, तर पेटीला आकाशाचा अर्ध्या अंशाहून थोडा मोठा तुकडा दिसतो. तुमच्या सड्यावरच्या काळोख्या आकाशाचासुद्धा तेवढ्या तुकड्याचा उजेड मिळून एका लेन्सला सेकंदाला कोटीच्या घरात फोटॉन मोजायला लावेल. १० नॅनोसेकंदांच्या खिडकीत दोन लेन्सचे पल्स जुळले की 'घटना' असं धरलंत, तर निव्वळ योगायोगाने सेकंदाला वीस लाख घटना. (सूत्र सोपं: दोन्ही दरांचा गुणाकार, गुणिले खिडकी, गुणिले दोन.) म्हणजे मशीन नाही, पावसाळ्यातला पत्रा!

उपाय थ्रेशोल्डचा. एका फोटॉनवर कंपॅरेटर उडवूच नका. १० नॅनोसेकंदांत किमान पाच फोटॉन एका लेन्सवर आले तरच उडू दे. सरासरी ०.१ फोटॉन येत असताना पाच एकदम येणं दुर्मीळ, सेकंदाला आठ-दहा वेळा. आणि दोन्ही लेन्सवर एकाच वेळी तसं होणं, सलग नऊ-दहा दिवसांतून एकदा. प्रत्यक्षात डिटेक्टरच्या एका पेशीतला पल्स शेजारच्या पेशीला पेटवतो (क्रॉसटॉक), त्यामुळे आकडे याहून वाईट येतील. थ्रेशोल्ड एक-दोनने चढवावा लागेल. तरी गणित तुमच्या बाजूने आहे.

कातळवाट (धागाकर्ता)

काका, साष्टांग नमस्कार. हा हिशोब फळ्यावर लिहून ठेवणार आहे. मी तर दोन लेन्स जुळल्या की झालं असं समजून चाललो होतो.

संकासूर

शुभेच्छा आहेतच, पण सोंग आणलंय तर बोलू द्या.

धागाकर्त्यांनी दहा हजार पटीचा आकडा दिला तो झोत अत्यंत बारीक असतो म्हणूनच येतो. १० मीटरच्या आरशातून हिरवा लेझर सोडला तर तो किती पसरेल? २५० प्रकाशवर्षांवर पोचेपर्यंत त्याची रुंदी होईल सुमारे १२ कोटी किलोमीटर. ऐकायला प्रचंड, पण पृथ्वी सूर्यापासून १५ कोटी किलोमीटरवर आहे! म्हणजे तिकडच्यांनी आपल्या सूर्यावर नेम धरून झोत सोडला तर तो पृथ्वीला लागणारच नाही. नेमका पृथ्वीवर रोखायचा तर पृथ्वी त्या क्षणी कक्षेत कुठे असेल ते त्यांना आधीपासून ठाऊक पाहिजे. एवढी उठाठेव ते आपल्यासाठी का करतील?

आणि इतकी वर्षं ज्यांनी शोधलं त्यांना तरी काय सापडलं?

सुरंगी

संकासूर, दोन्ही प्रश्न रास्त आहेत. (मी खगोलशास्त्रातच काम करते, पण या विषयात नाही. चूक दिसली तर सांगा.)

आधी दुसरा. काही सापडलेलं नाही, हे खरं. पण शोध कुणी आणि कसा घेतला ते पाहण्यासारखं आहे, कारण तुमच्या पेटीतली बहुतेक युक्ती त्यातच आहे. हार्वर्डच्या पॉल होरोविट्झ यांच्या गटाने १९९८ पासून १.५ मीटरच्या दुर्बिणीवर असं उपकरण बसवलं आणि सहा हजारांहून जास्त तारे तपासले. पुढे त्यांना प्रिन्स्टनच्या ०.९ मीटरच्या दुर्बिणीची जोड मिळाली. दोन ठिकाणी एकाच क्षणी लखलखाट दिसला तरच विश्वास ठेवायचा, हा हेतू. कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेत शेली राइट, ड्रेक, वर्थायमर वगैरेंनी १ मीटरच्या दुर्बिणीवर दोनऐवजी तीन डिटेक्टर लावले. तिघांनी एकदम होकार भरायचा म्हटल्यावर खोटे इशारे वर्षाला एखाददुसऱ्यावर आले. त्याच दुर्बिणीवर २०१५ पासून अवरक्त प्रकाशातला शोधही सुरू झाला, कारण धुळीतून तो जास्त लांब जातो.

आणि 'आम्हा गरिबांना कुठली १ मीटरची दुर्बीण' असं म्हणणाऱ्यांसाठी: ओहायोत स्टुअर्ट किंग्स्ली यांनी १९९० च्या सुमारास १० इंची दुर्बिणीवर हाच खटाटोप केला होता. फ्रेनेल लेन्सचंही तसंच. पॅनोसेटी नावाचा प्रकल्प अर्ध्या मीटरच्या आसपासच्या फ्रेनेल लेन्स वापरतो, मागे सिलिकॉन डिटेक्टरची जाळी. त्यामुळे प्रोजेक्टरच्या लेन्सला कोणी नाक मुरडलं तर हे तोंडावर मारा.

सगळे शोध पल्सचेच असतात असंही नाही. एकाच रंगाचा अखंड लेझर कोणी चालवत असेल तर तो ताऱ्याच्या वर्णपटात एक टोकदार रेघ म्हणून दिसेल. टेलिस आणि मार्सी यांनी हवाईतल्या केक दुर्बिणीच्या जुन्या वर्णपटांत ५६०० तारे चाळले, २०१७ मध्ये निष्कर्ष छापला: रेघ नाही.

आता संकासूरांचा पहिला प्रश्न. त्याचं उत्तर द्यायला बसले आणि कागदावर जे निघालं त्याने मीच हरखलेय. जेवून येते आणि लिहिते.

देवगडी_हापूस

वा! विजयदुर्गचं नाव निघालं म्हणून सांगतो, १८६८ च्या ग्रहणात इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियरने आपल्या किल्ल्यावरूनच हेलियमचा शोध लावला. 'साहेबाचे ओटे' अजून आहेत. म्हणजे ही जागा मुळात खगोलाचीच आहे. सरांनी पेटी किल्ल्यातच ठेवावी.

संकासूर

किल्ल्यात संरक्षित वास्तू असते हो, खिळा ठोकायचा तरी परवानगी लागते. बाकी सड्यावरची कातळशिल्पं परग्रहींनीच कोरली असं कोण म्हणणार आहे ते लवकर म्हणून घ्या, म्हणजे धागा पुढे सरकेल.

सुरंगी

हापूस, ओटे आहेत आणि १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहणही खरं. पण त्या दिवशी लॉकियर इंग्लंडातच होते. ग्रहण पाहायला आलेले फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जानसेन गुंटूरला होते. लॉकियर यांनी ग्रहणाशिवायच, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा वर्णपट घेतला आणि त्यातल्या पिवळ्या रेघेचं मूळ म्हणजे एक नवं मूलद्रव्य असणार, इथवर ते पुढे पोचले. किल्ल्यावर दरवर्षी १८ ऑगस्टला हेलियम दिन होतो तो होऊ दे, मुलं वर्णपट बघतात हे काय कमी आहे?

तर मूळ मुद्दा. 'पृथ्वी कुठे आहे ते त्यांना कसं कळणार?' आपण दुसऱ्यांचे ग्रह कसे शोधतो ते आठवा. ग्रह ताऱ्यासमोरून गेला की ताऱ्याचा उजेड किंचित घटतो. आपली पृथ्वी सूर्यासमोरून जाताना कोणाला दिसेल? जे आपल्या क्रांतिवृत्ताच्या (सूर्याच्या आकाशातल्या वर्षभराच्या वाटेच्या) रेषेत बसलेत त्यांनाच. आकाशात क्रांतिवृत्ताला धरून जेमतेम अर्ध्या अंशाचा पट्टा आहे, त्यातल्या ताऱ्यांना पृथ्वी सूर्यबिंबावरून सरकताना दिसते. २०२१ मध्ये काल्टेनेगर आणि फाहर्टी यांनी ३२६ प्रकाशवर्षांच्या आतले असे तारे मोजले. गेल्या पाच हजार वर्षांत ज्यांना हे दृश्य दिसलं असे १७१५ तारे निघाले.

आता गंमत बघा. या पट्ट्यातल्या कोणी आपल्या सूर्यावर नेम धरला, आणि झोत आपल्यापर्यंत पोचताना पृथ्वी सूर्यासमोर असेल अशी वेळ साधली, तर संकासूरांचा १२ कोटी किलोमीटरचा झोत पृथ्वीला हमखास लागतो. कारण त्यांच्या दृष्टीने तेव्हा पृथ्वी आणि सूर्य एकाच जागी. वेगळा नेम धरायची गरजच नाही. आणि त्या वेळी आपल्या आकाशात ते कुठे असतील? सूर्याच्या बरोबर विरुद्ध. म्हणजे मध्यरात्री माथ्याच्या रेषेवर.

कातळवाट यांची पेटी खमध्याकडे बघते, म्हणजे आकाशाचा साधारण साडेसोळा अंश उत्तर क्रांतीचा (आकाशातल्या विषुववृत्ताच्या तेवढा उत्तरेकडचा) पट्टा तिच्यापुढून जातो. तो पट्टा क्रांतिवृत्ताला दोनच जागी छेदतो, एक मेषेत आणि एक कर्केत. सूर्य त्या जागांवर असतो तेव्हा तुमच्याकडे शून्य सावलीचा दिवस असतो, मेच्या पहिल्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. आणि सूर्य त्यांच्या विरुद्ध बाजूला असतो नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात. नोव्हेंबरात रात्री साधारण १२ वाजून २० मिनिटांनी, फेब्रुवारीत पाऊणच्या पुढे, तुमच्या खाडीवरच्या न हलणाऱ्या पेटीच्या अगदी तोंडासमोर आकाशातला तो तुकडा येतो, जिथून त्याच सुमारास पृथ्वी सूर्यासमोरून जाताना दिसू शकते. पेटीचा अर्धा अंश आणि पट्ट्याचा अर्धा अंश. मी ठरवून मांडणी केली असती तरी इतकी बरोबर जुळली नसती.

फक्त त्या रात्री पौर्णिमा आली तर चंद्रही नेमका तिथेच घिरट्या घालणार. ते वर्ष सोडून द्यायचं.

जुना_ऑसिलोस्कोप

सुरंगीताई, _/\_

संकासूर

हरलो असं म्हणणार नाही, पण हा मुद्दा मला माहीत नव्हता. ताऱ्याला आपण दिसतो म्हणून तो आपल्याला बोलवेलच असं नाही, हे आपलं कायम. तरी 'कुठे आणि केव्हा बघायचं' याला निदान एक कारण मिळालं.

पेटीची पोच किती ते पण सांगून टाका.

सुरंगी

जुन्या ऑसिलोस्कोपांचा पाच फोटॉनचा थ्रेशोल्ड धरला, आणि डिटेक्टर पडणाऱ्या फोटॉनपैकी तीसेक टक्केच टिपतो हे धरलं, तर चौरस मीटरला दोनशेच्या वर फोटॉन यायला हवेत. १० मीटरचा आरसा आणि पेटावॉटचा एका नॅनोसेकंदाचा झोत २५० प्रकाशवर्षांच्या आत असेल तर तेवढे येतात. त्यापलीकडचा त्याच ताकदीचा झोत तुमच्या पेटीला दिसणार नाही. १७१५ मधले बरेच तारे याहून लांब आहेत, आणि जे जवळ आहेत त्यातलेही तुमच्या छेदबिंदूंवर मोजकेच. तेवढी अपेक्षा बेताची ठेवा.

खाडीकाठ

मी शिकलेला नाय एवढा, पण समुद्रावर रात्री काय काय दिसतं ते आम्हाला माहीत. २०१७ पासून बंदी असली तरी एलईडीवाले (दिवे पाजळून मासे पकडणारे) बोटी घेऊन येतातच, आणि त्या आल्या की आभाळाचा पश्चिमेकडचा कडा दुधासारखा होतो. तुमचं यंत्र त्याने आंधळं नाही होणार? त्यात परतीच्या पावसाच्या विजा. मे-जूनला काजवे.

पेटीचं म्हणाल तर प्लायची करू नका. आमच्याकडे होडीला करतात तसं फायबर मारून घ्या. प्लाय दोन पावसात फुगतो.

जुना_ऑसिलोस्कोप

खाडीकाठ, तुम्ही विचारलंत ते पुष्कळ शिकलेले विचारत नाहीत.

काजव्याची एक चमक सेकंदाच्या चांगल्या मोठ्या तुकड्याएवढी लांब. विमानाचा लुकलुकता दिवा, लग्नातला लेझर शो, एलईडीची उघडझाप, सगळं आमच्या दृष्टीने कासवगतीचं. नॅनोसेकंदांच्या खिडकीत ते सगळे स्थिर उजेडासारखे वागतात. विजेचंही बरंचसं तसंच, आणि वीज चमकत असेल त्या रात्री पेटी बंदच ठेवायची. एलईडी बोटींचा त्रास वेगळा आहे: त्या एकूण उजेड वाढवतात, म्हणून फोटॉनांचा दर वाढतो, म्हणून योगायोग वाढतात. त्यावर उपाय म्हणजे दर दहा सेकंदांना एका लेन्सचा साधा दर नोंदवायचा. दर ठरावीक मर्यादेच्या वर गेला की तो काळ बाद. पश्चात्ताप नको, वाद नको, बाद.

खरा नॅनोसेकंदी चोर वेगळाच आहे, आणि तो माणसाने केलेला नाही. अंतराळातून येणारा वैश्विक किरण वातावरणात आदळला की कणांचा फवारा निघतो आणि त्यातून निळसर चेरेनकॉव्ह प्रकाशाचा लखलखाट होतो. लांबी काही नॅनोसेकंद. अगदी तुमच्या परग्रहींच्या वेषात! हानलेला ४.३ किलोमीटर उंचीवर भाभा अणुसंशोधन केंद्राची २१ मीटरची मेस दुर्बीण आहे ती खास हाच लखलखाट टिपायला बांधलीय. पेटीतल्या दोन लेन्सवर तो एकदमच पडणार, त्यामुळे पेटीला तो खराच वाटणार.

इथे तुमची खाडी कामाला येते. चेरेनकॉव्हच्या उजेडाचा डाग जमिनीवर अडीचशे-तीनशे मीटर रुंद. चार किलोमीटरवरच्या दुसऱ्या पेटीला तो दिसणार नाही. ताऱ्यावरून आलेला झोत मात्र दोन्ही काठांवर सारखाच पडेल.

कातळवाट (धागाकर्ता)

म्हणजे दोन्ही पेट्यांची घड्याळं जुळली पाहिजेत. त्याला काय करू? मोबाइलचं इंटरनेट तर कधी असतं, कधी नसतं.

जुना_ऑसिलोस्कोप

इंटरनेट लागतच नाही. स्वस्तातलं जीपीएस मॉड्यूल सेकंदाला एक टोक (वेळेचा पल्स) देतं, त्याची चूक काही दशक नॅनोसेकंदांची. प्रत्येक पेटीने आपल्या घटनेची वेळ त्या टोकापासून मोजून कार्डावर लिहायची, आठवड्याने दोन्ही कार्डं शेजारी ठेवून चाळायची.

खिडकी किती ठेवायची तेही निघतं. तारा बरोब्बर खमध्यात असेल तर दोन्ही काठांवर प्रकाश एकाच क्षणी पोचतो. पेटीच्या दृष्टिक्षेत्राच्या कडेला असेल तर चार किलोमीटरच्या अंतरामुळे एका बाजूला २० मीटर आधी, म्हणजे ६५-७० नॅनोसेकंद आधी. जीपीएसची चूक धरून १०० नॅनोसेकंदांची खिडकी पुरे. चेरेनकॉव्हने प्रत्येक पेटी मिनिटाला एकदा फसली असं धरा. दोन्ही काठ निव्वळ योगायोगाने जुळायला पाचशेहून जास्त वर्षं लागतील.

पेट्या एकमेकींना समांतर हव्यात. ओळंब्याने लावल्यात तर चार किलोमीटरमागे पृथ्वीच्या गोलाईने दोन कलांचा (अंशाच्या तिसाव्या भागाचा) फरक पडतो. तेवढा चालेल. मात्र चिऱ्याच्या ओट्यावर घट्ट बसवा, लाकडी टेबलावर नको.

आजीचा_बटवा

एक बावळट प्रश्न. दिवसा पेटी तशीच उघडी? आमच्याकडे भिंगाने कागद जाळायचा खेळ होता.

सुरंगी

बावळट नाही, सगळ्यात महत्त्वाचा. डोक्यावर रोखलेली फूटभर नाभीय अंतराची लेन्स म्हणजे सौर चूलच. शून्य सावलीच्या दिवशी दुपारी सूर्य सरळ डिटेक्टरवर येईल, आणि बाकी दिवशी पेटीच्या आतल्या भिंतीवर. फायबरला आग लागू शकते. झाकण हवं, आणि ते पहाटे आपोआप बंद होणारं हवं. 'पोरं बंद करतील' यावर विसंबू नका, पोरं झोपतात.

खाडीकाठ

झाकणाचं मी बघतो. भाऊ होड्यांचं फायबरकाम करतो. आतून काळं करून देतो, बाहेरून पांढरं, म्हणजे तापणार नाही.

कातळवाट (धागाकर्ता)

मंडळी, तुम्ही सगळ्यांनी योजनेचं रूपच पालटलं. आता ठरलंय ते असं. नोव्हेंबरचा पहिला आठवडा यंदा हाताशी लागणार नाही. पेट्या जानेवारीपर्यंत उभ्या करायच्या, रोहिणीवर रोख तपासायचा (डिसेंबरच्या सुरुवातीला ती रात्री साडेबाराला माथ्यावर असते, पुढे रोज चार मिनिटं आधी) आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात खरी सुरुवात.

चाचणीचा पल्स कसा करायचा? खरा लखलखाट आला तर पेटी ओळखेल याची खात्री आधी हवी.

जुना_ऑसिलोस्कोप

निळी एलईडी घ्या, तिला अव्हलांश ट्रान्झिस्टरने एक झटका द्या, काही नॅनोसेकंदांचा लखलखाट मिळतो. लेन्सपुढे काळ्या फिल्मचे थर एकेक वाढवत न्या आणि कुठल्या थराला पेटी ओळखायची थांबते ते लिहून ठेवा. हे दर आठवड्याला करा. एका आठवड्यात एक थर आधीच ओळख थांबली तर लेन्सवर मीठ बसलंय किंवा डिटेक्टर म्हातारा झालाय.

लेन्स पुसताना स्पिरिट लावू नका, अ‍ॅक्रिलिकला बारीक तडे जातात. साबणाचं पाणी, मऊ फडकं. खाचांची बाजू आत ठेवा. सोल्डर केल्यावर फ्लक्स धुवून बोर्डावर लॅकर मारा, आणि पेटीत सिलिका जेल. ते दर महिन्याला तव्यावर भाजून पुन्हा वापरता येतं.

देवगडी_हापूस

आमच्या जुन्या शाळेच्या माळ्यावर दोन ओव्हरहेड प्रोजेक्टर धूळ खात आहेत. मुख्याध्यापकांशी बोललो, 'घेऊन जा, जागा तरी होईल' म्हणाले. एकाच्या लेन्सला कोपऱ्यात चरा आहे, चालेल का?

जुना_ऑसिलोस्कोप

चालेल. फोटॉनला चऱ्याचं सोयरसुतक नाही, तेवढाच थोडा उजेड कमी.

तारकर्ली_एक्सप्रेस

माझ्याकडेय एक आसा. पण तेच्यात पाली झाल्यात. पालींसकट देतंय.

खाडीकाठ

सर, पेटीची आतली मापं इथेच टाका, मिलिमीटरात. दिवाळीच्या आधी साचा करतो. झाकणाला बिजागऱ्या पितळेच्या लावू की स्टेनलेसच्या?

जुना_ऑसिलोस्कोप

स्टेनलेस, पण ३१६ मागा. ३०४ ला तुमच्या हवेत वर्षात तांबूस ठिपके पडतात, आणि दुकानदार विचारल्याशिवाय ३०४ च देतो.